व्हीएचएस कॅसेट डिजिटल करताना आवाजाची बोंब का होते आणि कशी सोडवायची

ताईच्या लग्नाची कॅसेट मी पहिल्यांदा डिजिटल केली तेव्हा सगळं झकास वाटलं होतं. १९९४ चं लग्न, मे महिना, कार्यालयातले पंखे गरगरतायत, कॅमेरावाल्याचा तो भगभगीत लाइट. सुरुवातीची दहा मिनिटं बघितली, आवाज बरोबर, चित्र बरोबर, फाइल घरच्या ग्रुपवर टाकली आणि मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी काकूचा फोन, "अगं ती उखाणा घेतेय कधी आणि ऐकू येतोय कधी?" बघते तर खरंच, ताई उखाणा घेऊन लाजून मान खाली घालते, बायका खो खो हसतात, आणि मग तीन सेकंदांनी तिच्या मिटलेल्या तोंडातून उखाणा बाहेर पडतो. हसणं त्याच्याही नंतर.

त्यानंतर माहेरच्या, सासरच्या, बिल्डिंगमधल्या मिळून चाळीसेक कॅसेट केल्या असतील, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी चित्र एका दिवसात मार्गी लागतं, आठवडा खातो तो आवाज. लोक मला विचारतात ते प्रश्नही तेच तेच असतात, म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून टाकते.

सगळ्यात आधी एक करा, आणि हे लॅपटॉप उघडायच्या आधी करायचंय. व्हीसीआरच्या मागच्या ऑडिओ आउटमधून वायर थेट स्पीकरला किंवा जुन्या टीव्हीच्या एव्ही इनला लावा आणि डोळे मिटून पाच मिनिटं ऐका. तिथेच आवाज घुसमटलेला असेल तर प्रॉब्लेम कॅसेटमध्ये किंवा मशीनमध्ये आहे, सॉफ्टवेअर बदलून काहीही होणार नाही. तिथे स्वच्छ आणि लॅपटॉपमध्ये खराब, तर वायर, डाँगल (व्हीसीआरचं चित्र आणि आवाज यूएसबीतून लॅपटॉपमध्ये घेणारी डबी) नाहीतर सेटिंग. एवढी साधी चाचणी कोणी करत नाही. मी पण नव्हते करत, दोन दिवस सॉफ्टवेअर काढून टाक परत घाल असं करत बसले होते आणि शेवटी निघालं काय तर व्हीसीआरचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, मळलेलं.

आता आवाज कॅसेटवर असतो कुठे ते थोडक्यात, कारण पुढचं अर्धं त्याच्यावरच आहे. साध्या व्हीएचएसमध्ये आवाज टेपच्या वरच्या काठाला फक्त एक मिलिमीटर रुंद पट्टीत असतो, त्याला लिनिअर ट्रॅक म्हणतात. आपल्याकडच्या पॅल सिस्टीममध्ये टेप सेकंदाला जेमतेम २३.४ मिलिमीटर सरकते. गाण्याची साधी ऑडिओ कॅसेट सेकंदाला ४७.६ मिलिमीटर पळायची, म्हणजे व्हीएचएसचा लिनिअर आवाज तिच्याही निम्म्या वेगाने रेकॉर्ड झालेला, त्यामुळे 'स' आणि 'श' तसेही बोथटच येणार. त्यात कोणी टेप वाचवायला एलपी मोडमध्ये रेकॉर्ड केलं असेल तर वेग आणखी निम्मा, मग टेलिफोनवर बोलल्यासारखा आवाज येतो आणि त्याला इलाज नाही. दुसरा प्रकार हायफाय. ऐंशीच्या दशकात आलेल्या हायफाय मशीनमध्ये आवाज चित्राच्याच खाली, त्या गोल फिरणाऱ्या ड्रमवरच्या हेडने लिहिला जातो, आणि तो खरोखर सीडीच्या जवळ जाणारा असतो. हायफायमध्ये रेकॉर्ड केलेल्या कॅसेटवर सहसा दोन्ही असतात, वर काठाला लिनिअर आणि चित्राखाली हायफाय. हे डोक्यात ठेवा, शेवटी लागणारे.

घुसमटलेला, तोंडावर उशी धरल्यासारखा आवाज. व्हीसीआरचा प्लग काढा (नुसतं बटण बंद नको, प्लग), वरचं झाकण काढा. मधे तिरका बसवलेला चकचकीत ड्रम दिसतो, त्याच्या उजवीकडे एक छोटं उभं चौकोनी हेड असतं, टेप त्याला घासून पुढे रबरी रोलरकडे जाते. ते ऑडिओचं हेड. मेडिकलमध्ये मिळणारं सर्जिकल स्पिरिट नको, त्यात पाणी आणि बाकी काय काय असतं, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून ९९ टक्केवालं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, आयपीए म्हटलं की देतात. कानात घालायच्या काडीचा कापूस त्यात ओला करून त्या हेडवर घासा. पहिली काडी तपकिरी होते, दुसरी पिवळट, तिसरी स्वच्छ आली की थांबा. माझ्याकडच्या मशीनमध्ये पहिली काडी अक्षरशः गुळाच्या चिक्कीसारखी झाली होती, आणि नंतर जो आवाज आला तो ऐकून मी आधी केलेल्या सहा कॅसेट परत केल्या.

पण ड्रमला ती कापसाची काडी लावू नका, हात जोडून सांगते. ड्रमवरची हेड नखाच्या टोकापेक्षा बारीक आणि ठिसूळ असतात, कापसाचा धागा अडकला की तुटली. तिथे शॅमॉय चामड्याची पट्टी आयपीएत भिजवून ड्रमला नुसती टेकवून धरायची आणि दुसऱ्या हाताने ड्रम हळू फिरवायचा, वर खाली कधीच घासायचं नाही.

हेड साफ करूनही आवाज मातकटच असेल तर ॲझिमथ. म्हणजे ज्या मशीनवर रेकॉर्ड झालं त्याचं हेड किंचित एका बाजूला कललेलं होतं आणि तुमचं दुसऱ्या बाजूला, मग वरच्या पट्टीतले सूर कापले जातात. ऑडिओ हेडच्या पाटावर दोनतीन बारीक स्क्रू असतात, त्यातला एक ॲझिमथचा, बाकीचे उंचीचे आणि कलाचे, ते हलवले तर आवाजही जातो आणि ट्रॅकिंगही (म्हणजे हेड टेपवरच्या रेघांवर नेमकं बसणं). हे काम मी फक्त माझ्या स्वतःच्या जुन्या मशीनवर करते, उसन्या मशीनवर नाही. स्क्रूवर आणि पाटावर मार्करने एक रेघ मारून ठेवा म्हणजे परत जागेवर आणता येईल, झाकण काढून कॅसेट चालू ठेवा (आत पॉवर सप्लाय उघडा असतो, त्याच्या आसपास हात नाही, घरात लहान मुलं असतील तर हे करूच नका), आणि प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने एका वेळी घड्याळाच्या पाच मिनिटांएवढं फिरवा. बांगड्यांचा आवाज, झांजा, 'सावधान' मधला 'स', यातलं काहीतरी ऐकत राहा. एका जागी अचानक पडदा उघडल्यासारखं होतं. तिथे सोडा.

सूर लडबडतोय, वर खाली होतोय. लग्नाच्या कॅसेटमध्ये हे सगळ्यात आधी सनईत कळतं कारण सनई लांब सूर धरते, बोलण्यात कळत पण नाही. टेप ओढणारा रबरी रोलर गुळगुळीत आणि कडक झाला की टेप मधेमधे घसरते. ओल्या फडक्याने साबणाचा हलका हात मारून पुसा, पूर्ण वाळू द्या. रबराला सारखं अल्कोहोल लावलं तर ते आणखी कडक होतं असा माझा अनुभव. याने नाही सुटलं तर रोलर किंवा बेल्ट बदलायचाच. नवीन मशीन घेऊ म्हणाल तर जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैत व्हीसीआर बनवणं थांबवलं, तीच शेवटची, त्यामुळे आता जे आहे ते जुन्या बाजारातलं, त्याला जपा. आणि रेकॉर्डिंगच्या आधी कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे पळवून घ्या. पंचवीस वर्षं एकाच जागी गुंडाळून पडलेली टेप सैल होते आणि पहिल्या प्लेला गचके खाते.

कोकणातल्या किंवा मुंबईतल्या कपाटातून आलेल्या कॅसेट असतील तर त्याही आधी कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून आत टॉर्च मारा. टेपच्या गुंडाळीवर पांढरी पावडर दिसली तर ती बुरशी आहे. ती कॅसेट मशीनमध्ये घालायची नाही, कारण बुरशी हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला चिकटते, एका आंब्याने अख्खी आढी नासवावी तसं. कॅसेटला खालून पाच स्क्रू असतात, उघडून साफ करता येते पण ते वेगळंच प्रकरण आहे, इथे नको.

टेपचा वरचा काठ चुरगळला असेल तर चित्र व्यवस्थित आणि आवाज मात्र खरखर करत जात येत राहणार, कारण आवाज तिथेच आहे. खालचा काठ चुरगळला असेल तर उलट, तिथे कंट्रोल ट्रॅक असतो, तो बिघडला की वेगच डळमळतो आणि चित्र आवाज दोन्ही नाचतात. त्यामुळे खराब भाग नेमका कुठे आहे ते बघून घेतलं की उगाच सेटिंगशी खेळायचा वेळ वाचतो.

गुणगुण आणि टर्रर्र. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि लोक दोन्हीला 'हमिंग येतंय' म्हणतात.

खालच्या पट्टीत सतत 'हंऽऽऽ' असं, कॅसेट थांबवली तरी येतंय, तर ते ५० हर्ट्झचं विजेचं गुणगुणणं. लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवा. दहातल्या सात वेळा तिथेच संपतं. नाही संपलं तर व्हीसीआरला लावलेली केबल टीव्हीची किंवा सेट टॉप बॉक्सची वायर काढून टाका, तिचं अर्थिंग कुठल्यातरी तिसऱ्याच ठिकाणी असतं आणि त्यातून लूप होतो. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तरीही राहिलं तर ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणून दोनतीनशे रुपयांची डबी मिळते, आत छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, ती ऑडिओ वायरच्या मधे लावा. काही जण सांगतात प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका. असं करू नका, गुणगुण परवडली.

आता टर्रर्र. भुंग्यासारखा कर्कश, आणि मुख्य म्हणजे ट्रॅकिंगचं बटण फिरवलं की कमी जास्त होतो. हे हायफायचं दुखणं. ड्रमवर दोन हेड आळीपाळीने टेप वाचतात, ड्रम मिनिटाला १५०० फेरे मारतो, म्हणजे सेकंदाला ५० वेळा एका हेडवरून दुसऱ्यावर उडी. ट्रॅकिंग नीट नसेल तर प्रत्येक उडीला एक टिक, आणि सेकंदाला पन्नास टिक म्हणजे टर्रर्र. ऑटो ट्रॅकिंग चित्र बघून जागा ठरवतं, आवाज बघून नाही, म्हणून मॅन्युअल करा आणि चित्र किंचित खराब झालं तरी आवाजासाठी जिथे बरं वाटतं तिथे ठेवा. याचाच भाऊ म्हणजे आवाज मधेच स्वच्छ, मधेच एकदम घुसमटलेला, परत स्वच्छ. हायफायचा सिग्नल तुटला की मशीन आपणहून लिनिअरवर जातं आणि सापडला की परत येतं. रिमोटवर 'ऑडिओ' किंवा 'ऑडिओ मॉनिटर' लिहिलेलं बटण असतं, ते दाबून 'नॉर्मल' किंवा 'मोनो' करून टाका. आवाज जरा बोथट येईल पण एकसारखा येईल, आणि कानाला एकसारखा बोथट आवाज चालतो, सारखा बदलणारा नाही चालत.

तिसरा एक मजेशीर प्रकार. पडद्यावर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत 'शुभविवाह' किंवा नावं आली की 'झ्झ्झ', अक्षरं गेली की शांत. हे अँटेनाच्या वायरने म्हणजे आरएफने जोडल्यावर होतं, खूप भडक पांढरं चित्र आलं की ते आवाजाच्या सिग्नलमध्ये घुसतं. आरएफ सोडा, पिवळी पांढरी लाल वायर वापरा. तीच वायर असूनही येत असेल तर ते मूळ रेकॉर्डिंगमध्येच आहे, कोणीतरी कॉपी काढताना आरएफने काढलेली.

एकाच कानात आवाज. घाबरू नका, बिघाड नाही. आपल्याकडचे बरेच व्हीसीआर, व्हीसीपी (नुसते वाजवणारे, रेकॉर्ड न करणारे) मोनो होते, मागे आवाजासाठी एकच भोक. ती वायर तुम्ही डाँगलच्या पांढऱ्या पिनला लावली की डावीकडेच आवाज येणार. एकाचे दोन करणारी वाय वायर लावा, किंवा नंतर ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक फोडून रिकामी उजवी बाजू उडवा आणि डावी मोनो करा. दोन्ही एकत्र मिक्स करू नका, रिकाम्या बाजूला फक्त खरखर आहे, ती मिसळते आणि आवाजही निम्मा होतो.

आवाज फाटतोय. बहुतेकांनी व्हीसीआरची वायर लॅपटॉपच्या हेडफोनवाल्या भोकात घातलेली असते. ते भोक आवाज आत घ्यायला फक्त माइकसाठी आहे, माइकचा सिग्नल इवलासा असतो आणि व्हीसीआरचा त्याच्या कितीतरी पट मोठा, शिवाय ते मोनो. डाँगलच्या ऑडिओतूनच घ्या. लेव्हल अशी ठेवा की सगळ्यात मोठा आवाज (बँडवाले, फटाके, मामांचं ओरडणं) मीटरवर उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही. हळू आवाज नंतर मोठा करता येतो, फाटलेला शिवता येत नाही.

अजिबातच आवाज नाही, मीटर मेलेलं. विंडोज १० आणि ११ मध्ये डाँगलचा आवाज माइक म्हणून धरला जातो, आणि प्रायव्हसी सेटिंगमध्ये ॲप्सना माइकची परवानगी बंद असेल तर निव्वळ शांतता रेकॉर्ड होते, कुठलाही एरर न दाखवता. ती चालू करा. तिथेच साउंड सेटिंगमध्ये 'एन्हान्समेंट' म्हणून जे काही दिसेल ते बंद करा, नाहीतर विंडोज सनईला नॉइज समजून दाबायला बघतं.

आवाज कार्टूनसारखा बारीक आणि घाईत. ४४.१ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड झालेलं कुठलंतरी सॉफ्टवेअर ४८ समजून वाजवतंय. तासाभराचा आवाज ५५ मिनिटं ७ सेकंदांत संपतो आणि आजोबांची पट्टी पेटीवर दीड स्वरपट्टीने चढते. विंडोज, डाँगल, रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर, सगळीकडे ४८ करा. हल्ली काही जण एव्हीचं एचडीएमआय करणारी डबी आणि त्यापुढे एचडीएमआयचं स्वस्त डाँगल अशी जोडी वापरतात. त्यातली एमएस२१०९ चिपवाली डाँगलं स्वतःला ९६ किलोहर्ट्झ मोनो म्हणून ओळख करून देतात आणि आत असतो ४८ स्टिरिओ, डावा उजवा डावा उजवा असा एकाच दोऱ्यात ओवलेला. मोनो म्हणून वाजवलं की आवाज किरकिरा लागतो. रेकॉर्डिंग झालंच असेल तर ऑडॅसिटीत रॉ फाइल म्हणून आणून ४८ स्टिरिओ सांगा. मला विचाराल तर ती जोडी घेऊच नका, साधं एव्ही डाँगल बरं.

आता मूळ दुखणं, ओठ आणि आवाज जुळत नाहीत. यावर मी सगळ्यात जास्त केस पांढरे केलेत.

आधी मोजा. सुरुवातीला, मधे आणि शेवटी, तीन जागा शोधा जिथे आवाज आणि हालचाल एकदम होतात. टाळ्या, नारळ फोडणं, ताट आपटणं. ताशावाला सगळ्यात उत्तम, काडी दिसते आणि ठोका ऐकू येतो. प्रत्येक जागी किती फरक आहे तो लिहून काढा.

तिन्ही ठिकाणी फरक सारखा असेल, समजा पाव सेकंद, तर आवाजाचा ट्रॅक तेवढा सरकवा, झालं.

फरक हळूहळू एकसारखा वाढत असेल, म्हणजे सुरुवातीला शून्य, तासाला दीड सेकंद, दोन तासांना तीन, तर आवाज मोजणारं घड्याळ आणि चित्र मोजणारं घड्याळ वेगळ्या गतीने चाललंय. आवाज मागे पडत असेल तर तो तेवढा आखूड करायचा. ७२०० सेकंदांत ३ म्हणजे ०.०४२ टक्के, ऑडॅसिटीत 'चेंज स्पीड अँड पिच'मध्ये तेवढा वेग वाढवा. सुरात इतका फरक कोणाच्या बापाला कळत नाही. आवाज पुढे पळत असेल तर तेवढाच वेग कमी करा. पुढच्या वेळेसाठी व्हर्च्युअलडब या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅप्चरच्या टायमिंग सेटिंगमध्ये आवाज चित्राला जुळवून रिसॅम्पल करायचा पर्याय असतो, तो निवडला की हे काम चालू असतानाच होतं.

आणि फरक पायऱ्यापायऱ्यांनी वाढत असेल, वीस मिनिटं ठीक, मग अचानक पाव सेकंद, मग अर्धा तास तेवढाच, मग परत उडी, तर फ्रेम गळतायत. माझ्या ताईचं हेच झालं होतं. पॅलमध्ये सेकंदाला २५ फ्रेम, एक फ्रेम ०.०४ सेकंदाची. तीन सेकंद म्हणजे ७५ फ्रेम गायब. चित्र तेवढं आखूड झालं, आवाज मात्र पूर्ण रेकॉर्ड झाला, म्हणून आवाज मागे. गळतात कुठे तर जिथे कॅमेरावाल्याने रेकॉर्डिंग थांबवून परत सुरू केलंय त्या प्रत्येक सांध्यावर. तिथे सिग्नल क्षणभर वेडावाकडा होतो, डाँगलला काही समजत नाही आणि ते दोनचार फ्रेम सोडून देतं. लग्नाच्या कॅसेटमध्ये असे सांधे ढिगाने, हळद संपली थांबव, देवक बसलं सुरू कर. यात आख्खा आवाज ताणून उपयोग नाही, एका जागी जुळला की दुसरीकडे सुटतो. मी आधी तेच करत बसले होते आणि उखाणा जुळला तेव्हा मंगलाष्टकं बिघडली.

याचा खरा इलाज परत रेकॉर्ड करणं. सॉफ्टवेअरमध्ये 'ड्रॉप्ड' आणि 'इन्सर्टेड' फ्रेमचा आकडा दिसतो, तो बघत बसा. फ्रेम गळली तर तिच्या जागी आधीचीच परत घाल असा पर्याय असतो तो चालू ठेवा, चित्र क्षणभर थबकतं पण आवाज सुटत नाही. यूएसबी हब काढून डाँगल थेट लॅपटॉपला लावा, पॉवर सेव्हिंग, अँटीव्हायरस, नेट सगळं बंद, आणि त्या वेळात लॅपटॉपवर बाकी काही नाही. त्यानेही आकडा वाढतच असेल तर व्हीसीआर आणि डाँगलच्या मधे टाइम बेस करेक्टर, म्हणजे वेडावाकडा सिग्नल सरळ करणारं यंत्र, लागतो. तो महाग, पण जुना डीव्हीडी रेकॉर्डर मधे लावून त्यातून सिग्नल पास केला तरी काही मॉडेलमध्ये बराच फरक पडतो, पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ यासाठीच नावाजलेले. नुसता प्लेअर चालणार नाही, रेकॉर्डर हवा, आणि चित्रासोबत आवाजाची वायरही त्यातूनच न्या. मला एक ओळखीच्यांच्या माळ्यावर सापडला, दिवाळीची सफाई चालू होती म्हणून, नाहीतर भंगारातच जाणार होता.

कॅसेट परत चालवण्यासारखी राहिली नसेल तर मग प्रत्येक सांध्यावर आवाज कापून तेवढा तुकडा पुढे ओढायचा. ताईच्या कॅसेटला असे एकतीस सांधे होते. दोन रविवार गेले.

रेकॉर्डिंग करताना आवाज कॉम्प्रेस करू नका, साधा १६ बिट पीसीएम, ४८ किलोहर्ट्झ. स्टिरिओ एका तासाला ६९० एमबीच्या आसपास, चित्राच्या मानाने काहीच नाही. ती मूळ फाइल तशीच ठेवून कॉपीवर काम करा. खरखर काढायची तर 'नॉइज रिडक्शन'ला नमुना द्यायचा तो रेकॉर्डिंग चालू असताना कोणी बोलत नाहीये अशा जागेचा, कोऱ्या टेपचा नाही. आणि सहा ते नऊ डेसिबलच्या पुढे जायचं नाही. लोक हावरटपणा करून वीस करतात, मग भटजी विहिरीच्या तळाशी बसून मंत्र म्हणतायत असं वाटतं. थोडी खरखर राहू दे, कान पाच मिनिटांत विसरतो.

आता ते दोन ट्रॅकवालं, जे शेवटी सांगते म्हटलं होतं. ताईची कॅसेट परत करायची म्हणून मी एकांकडून हायफाय व्हीसीआर आणला, लावला, आणि गाणी गायब! आमच्या मोनो मशीनवर अख्ख्या रिसेप्शनला हिंदी सिनेमाची गाणी होती, पहिली फाइल बघा त्यात आहेत, आणि इथे नुसता गोंगाट. मला वाटलं मशीन बिघडलं. मग 'ऑडिओ मॉनिटर' नॉर्मल केलं, गाणी परत हजर. हायफाय केलं, गोंगाट.

झालं असं असणार की फोटोग्राफरने हायफाय मशीनवर कॅसेट तयार केली आणि मग 'ऑडिओ डब' वापरून वरून गाणी टाकली. ऑडिओ डब फक्त काठाच्या लिनिअर ट्रॅकवर लिहू शकतं. चित्राखालचा हायफाय आवाज बदलायचा तर चित्रच परत रेकॉर्ड करावं लागतं, म्हणून तो तसाच राहिला. मोनो मशीनला तो दिसतच नाही, त्यामुळे एवढी वर्षं तो तिथे आहे हे कोणाला माहीतच नव्हतं. हे प्रत्येक कॅसेटला नसतं. मिक्सरमधून गाणी घालून नवीन कॉपी काढली असेल तर दोन्हीकडे गाणीच मिळतील. पण गाणी घातलेली कुठलीही कॅसेट असेल तर एकदा हायफाय मशीनवर लावून बटण दाबून बघाच. काही मशीनमध्ये तिसरा पर्याय 'मिक्स' असतो, तो नको, दोन्हीची खिचडी होते. दोन वेळा पूर्ण रेकॉर्ड करा, एकदा हायफाय, एकदा नॉर्मल, आणि ताशावाल्याच्या ठोक्यावर दोन्ही जुळवून घ्या.

मी ते केलं. गाण्यांच्या खाली जेवणाच्या पंगतीचा आवाज निघाला, भांडी, जनरेटर, कॅमेरावाला "इकडे बघा, इकडे बघा" करतोय, आणि मधेच आजी कोणालातरी दटावतेय की जिलबी पहिल्या पंगतीलाच संपवू नका. आजीचा आवाज घरात दुसरा कुठेच नाही. दोन फाइली केल्या आणि दोन्ही काकूला पाठवल्या. तिने ती जिलबीची जागा चारपाच वेळा ऐकली म्हणे, आणि मग फोन करून सांगितलं की बाकी सगळ्यांना ग्रुपवर गाण्यांची टाक, ही फार कलकलाट करते.